माझ्या आधीचे तिघे

कॅन्सरच्या एका नव्या उपचाराच्या चाचणीत मी गेलो त्याचं पहिलं कारण पैसा. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण अशा चाचणीबद्दल मला फोन करणाऱ्यांतले बरेच जण तिथंच अडलेले असतात आणि विचारायला संकोचतात.

मानवतला एका जिनिंगवर मी दिवाणजी आहे. कापसाची आवक, गाठींचा हिशोब, सरकीची विक्री, हमालांची हजेरी हे सगळं आधी वहीत आणि आता कॉम्प्युटरवर ठेवायचं, हे माझं काम. मानेला डाव्या बाजूला गाठ आली तेव्हा टीबी समजून गोळ्या चालू झाल्या. आपल्याकडं मानेची गाठ म्हटलं की टीबीच, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. माझं नव्हतं. गोळ्या खाऊनही गाठ वाढत राहिली तेव्हा संभाजीनगरला बायोप्सी झाली आणि कागदावर नाव आलं, डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. रक्ताच्या कॅन्सरचाच हा एक प्रकार. यात बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडतात आणि गाठी धरतात. 'आर-चॉप' किमोचे सगळे डोस महात्मा फुले योजनेतून झाले. गाठी गेल्या, केस परत आले, मी कामावर रुजू झालो. वर्ष भरायच्या आत गाठी पोटात दिसल्या. दुसऱ्या किमोला त्यांनी दाद दिली नाही, आणि गाठी आटोक्यात आल्याशिवाय बोनमॅरो प्रत्यारोपण करता येत नाही, म्हणून तोही रस्ता बंद झाला.

एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत देशी कार-टी उपचाराचं, म्हणजे रुग्णाच्याच रक्तपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या उपचाराचं, लोकार्पण केलं. ती बातमी माझ्या मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवली. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट कंपनी यांनी मिळून हा उपचार उभा केला, नाव 'नेक्सकार१९'. जून २०२१ मध्ये टाटाच्या खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशात ज्याला ३-४ कोटी रुपये लागतात ते इथं ३०-४० लाखांच्या घरात आलं. पोरीला वाटलं, इतकं स्वस्त झालं म्हणजे आपल्यालाही जमेल. योजनेची मर्यादा ५ लाखांची. दादा म्हणाला, "वावर काढू." आमचं वावर कोरडवाहू. दोघा भावांचं मिळून विकलं असतं तरी निम्मे पैसे उभे राहिले नसते. वहिनी काही बोलली नाही, पण तिच्या दोन लेकरांचं पुढं काय, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. मी नाही म्हणालो.

मुंबईत ज्या मॅडमना दाखवलं त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. याच तत्त्वावर पण वेगळ्या रीतीनं बनवलेल्या पेशींची पहिल्या टप्प्याची चाचणी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात चालू होती. पेशी बनवण्याचा आणि देण्याचा खर्च रुग्णाकडून घेत नव्हते. हे ऐकून बायकोनं हात जोडले. मॅडमनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "ताई, आधी पूर्ण ऐका. पहिल्या टप्प्यात आम्ही दोनच गोष्टी तपासतो. हे औषध माणसाला झेपतं का, आणि किती झेपतं. यांना फायदा झाला तर मला आनंदच आहे. पण तो होईलच असं धरून सही करू नका." डॉक्टर इतकं उघड बोलतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. माझा विश्वास तिथंच बसला.

माहितीपत्रक मराठीत होतं, चांगलं जाडजूड. भाषा सरकारी कागदाची, पण समजत होती. मी तिथंच सही करायला निघालो तर संशोधन विभागातल्या मुलीनं कागद हातात देऊन सांगितलं, "काका, घरी न्या. घरच्यांसोबत वाचा. प्रश्न लिहून आणा." आम्ही रात्रीच्या देवगिरीनं परभणीला आलो. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीच्या तिकिटात पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या माणसालाही मोठी सूट मिळते. दवाखान्याकडून तेवढा फॉर्म भरून घ्यायचा. हे माहीत नसल्यानं पदरचे पैसे घालून जाणारी माणसं मी त्या गाडीत पाहिली आहेत.

ते पत्रक आम्ही जिनिंगच्या ऑफिसात बसून वाचलं. मी, दादा आणि माझी मुलगी. मी जन्मभर पावत्या वाचत आलो, त्यामुळं बारीक अक्षरातलं आधी बघायची सवय आहे.

त्यात लिहिलं होतं ते माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्या शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना आणि बिघडलेल्या पेशींना मारतात. पण लिम्फोमाच्या पेशी आपल्याच बी पेशींपासून झालेल्या, त्या टी पेशींच्या नजरेतून निसटतात. म्हणून रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात एक नवा जीन घालायचा, की त्यांच्या अंगावर एक नवा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे खूण पकडणारा आकडा, उगवतो. बी पेशींवर सीडी१९ नावाची खूण असते. हा ग्राहक ती खूण धरतो आणि टी पेशी त्या बी पेशीला मारते. पेशींची संख्या प्रयोगशाळेत वाढवतात, तपासतात, गोठवतात आणि त्याच रुग्णाला परत देतात. खूण निरोगी बी पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात. कॅन्सर गेला तरी अंगातली प्रतिकारशक्ती बराच काळ अधू राहते, हे तिथं स्वच्छ लिहिलं होतं.

जीन आत पोचवायला जो वाहक वापरतात तो एचआयव्हीच्या विषाणूपासून बनवलेला, त्याची वाढायची शक्ती काढून घेतलेला. हे वाक्य दादानं दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला. पुढं असंही होतं की या पेशी घेतलेल्या माणसाची एचआयव्हीची एक विशिष्ट तपासणी, विषाणूचे जीन शोधणारी, चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून सोबत कार्ड बाळगायचं, आणि रक्तदान कधीच करायचं नाही. बायकोला याचीच सगळ्यात जास्त धास्ती. उद्या गावातल्या एखाद्या लॅबमध्ये असा रिपोर्ट आला तर लोक काय म्हणतील? रोगानं माणूस जातो, आणि असल्या बोलण्यानं मागं राहिलेली पोरगी लग्नाची राहते, असं ती म्हणाली. मी तो प्रश्न कागदावर लिहून घेतला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिला शेजारी बसवून समजावलं, की संसर्ग होत नाही, एका घरात राहून, एका ताटात जेवून काही होत नाही, आणि कार्डावर कोणती तपासणी चुकू शकते ते लिहिलेलं असतं. ते कार्ड आज तिच्याच पर्समध्ये असतं.

धोक्यांची यादी मोठी होती. तीव्र ताप, रक्तदाब खाली जाणं, मेंदूवर परिणाम, भ्रम, झटके, रक्तपेशी खूप काळ कमी राहणं, जंतुसंसर्ग. काही रुग्णांना पुढं टी पेशींचाच वेगळा कॅन्सर झाल्याची नोंद आहे, त्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ च्या सुरुवातीला इशारा दिला, तेही लिहिलं होतं. आणि एका ओळीत होतं, की सहभागी व्यक्तीचा पाठपुरावा १५ वर्षांपर्यंत केला जाईल. मला तेव्हा महिन्यांच्या भाषेत सांगत होते. पोरीनं ती ओळ बोट ठेवून मला दाखवली. तिला त्यात जे दिसलं ते मी मोडून काढलं नाही.

बाहेर पडायचा हक्क केव्हाही असतो, कारण न सांगता. मी विचारलं, पेशी अंगात गेल्यावर कसं? डॉक्टर म्हणाले, "तपासण्यांना यायचं बंद करू शकता. पेशी मात्र परत काढता येत नाहीत." २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणं चाचणीमुळं इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही, ते कुणाकडं मागायचं त्याचं नाव आणि नंबर पत्रकात होता. सही करताना आमचं बोलणं कॅमेऱ्यावर रेकॉर्ड झालं. मला माझ्याच तोंडानं सांगायला लावलं की मला काय समजलं. एक प्रत माझ्याकडं दिली.

घरी माय म्हणाली, "आरं, तुह्यावर काय करून बघायलेत ते?" तिला मी खोटं सांगितलं नाही. म्हणालो, माझ्याच पेशी काढून, शिकवून परत घालणार, आणि चाललं तर चाललं. ती पुढं काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिनं मला कुणाच्या मयतीला जाऊ दिलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो त्याकडं येतो.

पहिल्या टप्प्यात सगळ्यांना एकदम औषध देत नाहीत. आधी तिघांना सगळ्यात कमी डोस. तेही एकानंतर एक, मध्ये थांबून. त्या तिघांची ठरलेल्या मुदतीपर्यंत, माझ्या चाचणीत २८ दिवस, बारीक नोंद ठेवतात. कुणालाच सहन न होणारा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला तर वर जायचं नाही. मी दुसऱ्या गटात होतो. म्हणजे माझ्या अंगात किती पेशी जाणार हे माझ्या आधीच्या तिघांच्या अंगावर काय गुजरलं त्यावरून ठरलं.

त्यातला एक मला भेटला. वसमतकडचा पोरगा, नुकतं लग्न ठरलेलं, घरची हळदीची शेती. ओपीडीच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो आणि बोलीवरून एकमेकांना ओळखलं. त्याचा डोस होऊन गेला होता, तो तपासणीला आला होता. त्यानं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, कुठं दुखतं, कुठं नाही, कोणत्या सिस्टरला काय सांगितलं की लवकर येते. "भ्या नका दादा," म्हणाला, "ताप येतो, उतरतो." मी विचारलं, तुला कमी डोस मिळाला याचं वाईट वाटत नाही का? तो म्हणाला, "कुणीतरी आधी बसलंच पाहिजे ना."

तो त्यागाच्या आवेशात बोलत नव्हता, हे मला नमूद करायचं आहे. त्यालाही जगायचं होतं आणि त्याच आशेनं तो आला होता. पण कमी डोस म्हणजे काय, हे त्याला पूर्ण समजलेलं होतं. शिकलेल्या लोकांमध्ये एक समज असतो, की खेड्यातल्या माणसाला हे कळत नाही, म्हणून तो चाचणीत जातो. त्या बारावी पास पोराला कळलेलं होतं. नीट सांगितलं की कळतं.

तपासण्या पार पडल्या. हृदयाची इको, किडनी, कावीळ ब, आणि पेट स्कॅन, ज्यात कॅन्सरच्या गाठी चमकून दिसतात. मला भीती होती ती रक्तातल्या टी पेशींची, कारण किमो घेऊन घेऊन त्या कमी झालेल्या असतात आणि पुरेशा मिळाल्या नाहीत तर सगळं तिथंच थांबतं. पुरेशा होत्या.

पेशी काढायच्या दिवशी दोन्ही हातांत सुया घालून मशीनला जोडलं. एका हातातून रक्त जातं, मशीन फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. मी जिनिंगवाला माणूस. कापूस आत जाऊन रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं पडते ते रोज बघणारा. मला ते मशीन बघताना अजिबात परकं वाटलं नाही, आणि तिथल्या टेक्निशियनला मी तसं सांगितलंही. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्यानं ओठांना मुंग्या येतात, कॅल्शियम दिलं की थांबतात. काही तास हात वाकवता येत नाहीत. बायकोनं चमच्यानं वरणभात भरवला. शेवटी एक छोटी पिशवी भरली, आणि ती माझ्या नावानं आणि नंबरानं बंद करून नेली.

नंतरची वाट बघणं कठीण होतं. पेशी तयार व्हायला आठवडे लागतात. कधी पेशी वाढत नाहीत, कधी तयार झालेली बॅच तपासणीत बसत नाही. दरम्यान गाठी वाढू नयेत म्हणून स्टेरॉइड आणि थोडं रेडिएशन दिलं. कापसाचा हंगाम सुरू झालेला, मानवतच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि मी घरात. मालकांनी पगार थांबवला नाही. त्यांचं हे देणं मी विसरणार नाही.

बॅच पास झाल्याचा फोन आला आणि आम्ही नवी मुंबईत खोली घेऊन राहिलो, कारण पेशी दिल्यानंतर चार आठवडे रुग्णालयाच्या जवळच राहायला सांगितलं होतं. दुरून येणाऱ्याला हा खर्च चुकत नाही. दोघांचं खाणं, भाडं, रिक्षा, आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. औषध फुकट असलं तरी हे पैसे लागतातच, त्याची तजवीज करून निघावं. दादानं एक म्हैस विकली. मी नको म्हणालो नाही.

आधी तीन दिवस फ्लूडाराबीन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही किमो. ती कॅन्सर मारायला नसते. अंगातल्या जुन्या टी पेशी कमी करून नव्यांना वाढायला जागा करायला असते. मग एक-दोन दिवस विश्रांती, आणि तो दिवस.

इतकं सगळं ज्यासाठी, ते काही मिनिटांत उरकतं. गोठवलेली पिशवी खोलीतच ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली. दोन सिस्टरनी माझं नाव, नंबर, जन्मतारीख मोठ्यानं वाचली, माझ्या मनगटावरच्या पट्टीशी जुळवली, पुन्हा वाचली. दुसऱ्याच्या पेशी गेल्या तर जीव जाऊ शकतो, म्हणून ही काळजी. पेशी गोठवताना जे रसायन घालतात त्याचा लसणासारखा वास येतो. मला घशात चव आली आणि खोलीभर वास पसरला. बायको दिवसभर म्हणत होती, अंगाला लसूण चोळल्यागत वास यायलाय.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. तो येणार हे माहीत होतं. पेशींना खूण सापडली की त्या वाढत सुटतात आणि रक्तात असे काही पदार्थ सोडतात की सगळं अंग पेटून उठतं. डॉक्टरांनी समजावलं, की ताप म्हणजे पेशी कामाला लागल्याचं लक्षण असू शकतं, पण ताप जास्त म्हणून गुण जास्त असा हिशोब नसतो. पॅरासिटामॉलनं उतरेना, रक्तदाब खाली आला, ऑक्सिजन लावला. मग टोसिलिझुमॅब दिलं. हे मूळचं संधिवाताचं औषध. २०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड नावाची छोटी मुलगी याच उपचारानंतर मरणाच्या दारात होती, तेव्हा कार्ल जून या शास्त्रज्ञाला हे औषध आठवलं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. ती मुलगी वाचली आणि तेव्हापासून जगभर या तापाला हे औषध देतात. मला ही गोष्ट रात्रपाळीच्या डॉक्टरांनी सांगितली. त्या रात्री मला ती खूप आधाराची वाटली. तेव्हाही कुणीतरी आधी बसलेलंच होतं.

रोज सकाळ-संध्याकाळ सिस्टर एक परीक्षा घ्यायची. साल कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, दवाखाना कोणता. पेन, घड्याळ, बटण दाखवून नाव विचारायचं. दोन बोटं वर करा. शंभरपासून दहा-दहा कमी करत या. आणि एक वाक्य लिहा. दहा गुण. नव्या पेशींचा मेंदूवर परिणाम होऊ लागला तर आधी इथं दिसतं, आणि अनेकदा सगळ्यात आधी अक्षरात. मी रोज एकच वाक्य लिहायचं ठरवलं, 'आज मानवतच्या बाजारात कापसाची आवक चांगली आहे.' एकच असलं की तुलना करता येते, असं मीच सुचवलं.

पुढचं मला आठवत नाही, बायकोनं सांगितलेलं लिहितो. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मी साल बरोबर सांगितलं, शंभर, नव्वद, ऐंशी बरोबर म्हणालो, आणि सत्तरनंतर पुन्हा ऐंशी म्हणू लागलो. मग वही पुढं केली. सिस्टर केरळची, तिला मराठी वाचता येत नव्हतं. पण रोजची पानं तिनं पाहिलेली. माझ्या अक्षरांवरची शिरोरेषा त्या दिवशी नव्हती. अक्षरं सुटी सुटी, उतरत कोपऱ्यात गेलेली, 'कापसाची'च्या पुढं नुसत्या उभ्या रेघा. तिनं वही घेतली आणि डॉक्टरांना बोलवायला अक्षरशः धावली. तासाच्या आत स्टेरॉइड चालू झालं. बायको सांगते, मी तिला "वैनी" म्हणत होतो आणि काट्यावर गाडी लागली का विचारत होतो. दोन दिवसांत मी ताळ्यावर आलो. ती वही मी नंतर पाहिली. मराठी वाचता न येणाऱ्या बाईनं एका रेघेवरून माझं भान सुटलेलं ओळखलं. तिला मी हात जोडले तर म्हणाली, "काका, माझं कामच ते आहे." पण एवढ्या बारकाईनं काम करणारी माणसं त्या वॉर्डात नसती तर औषध कितीही चांगलं असून मी वाचलो नसतो, हे माझं ठाम मत आहे.

हा त्रासही नोंदला गेला, त्याची श्रेणी ठरली, चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीपुढं गेला. माझ्या गटातल्या पुढच्या रुग्णाला पेशी देण्याआधी त्यावर चर्चा झाली, असं मला सांगितलं गेलं. माझ्याही मागं कुणीतरी रांगेत होतं.

२८ व्या दिवसाच्या पेट स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या पण पूर्ण विझलेल्या नव्हत्या. तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये विझल्या. पूर्ण प्रतिसाद, असं रिपोर्टात आलं. मी बरा झालो असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही.

बी पेशी अजून परतलेल्या नाहीत. अंगात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनत नाहीत, म्हणून इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन घ्यावी लागते. ती महाग असते. माझ्या चाचणीत ती धरलेली होती. प्रत्येक चाचणीत धरलेली असेलच असं नाही, म्हणून सही करण्याआधी विचारून घ्यावं. लहानपणीच्या लसी पुन्हा घ्यायच्या आहेत. जिनिंगच्या शेडमध्ये मला जाता येत नाही, तिथली तंतूंची धूळ आणि कापसातली बुरशी दोन्ही माझ्या फुफ्फुसांना चालणार नाही. मालकांनी कॉम्प्युटर घरी पाठवला, हिशोब घरून करतो.

वसमतच्या पोराच्या गाठी तिसऱ्या महिन्यानंतर परत आल्या. दुसऱ्या औषधांनी थोडा काळ मिळाला. पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. मला प्रवासाची परवानगी मिळाल्यावर त्याच्या घरी जाऊन आलो. वडिलांनी चहा ठेवला, फोटो दाखवला, आणि मग विचारलं, "तेच्या डोसवरनं तुमचा डोस ठरला म्हणतेत, खरं हाय का?" मी म्हणालो, खरं आहे. त्यांनी पूर्ण समजून घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून मी तिघांचा गट, २८ दिवस, वरचा डोस, सगळं सांगितलं. ते मध्येमध्ये "बरं, बरं" म्हणत ऐकत राहिले. निघताना म्हणाले, हे आमच्या थोरल्याला पण फोनवर सांगा, तो मला विचारतो आणि मला नीट सांगता येत नाही. मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

'नेक्सकार१९'चा पहिल्या दोन टप्प्यांचा अहवाल २०२५ मध्ये 'लॅन्सेट हीमॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६४ रुग्ण, ज्या ५१ जणांचं मूल्यमापन करता आलं त्यांतल्या ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. दोघांचे मृत्यू उपचारामुळं झाले, हेही त्यात आहे. वर्तमानपत्रांत ७३ टक्के मोठ्या अक्षरात आला. माझी इच्छा आहे की वाचणाऱ्यानं ते दोघंही लक्षात ठेवावेत, आणि ज्यांना प्रतिसाद मिळाला नाही तेही. पुढच्याचा डोस, पुढच्याची काळजी, कोणत्या तापाला केव्हा काय द्यायचं, हे सगळं त्यांच्याही नोंदींतून आलेलं आहे.

लातूर, बीड, जालन्याकडून फोन येतात. माझी चाचणी कुठली आणि तुम्ही जा किंवा जाऊ नका, हे मी सांगत नाही. तो अधिकार माझा नाही. पण चार गोष्टी विचारायला लावतो. भारतात अशी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असावी लागते आणि ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागा. हा कितवा टप्पा आहे आणि मी कितव्या गटात, ते विचारा. बिघडलं तर आयसीयूचा खर्च कुणाचा, ते लेखी कुठं आहे ते दाखवायला सांगा. कागद घरी न्यायचा म्हणा. नेऊ देत नसतील तर तिथून उठा. आणि चाचणीतल्या पेशींसाठी कुणी पैसे मागत असेल, मग तो कितीही मोठ्या दवाखान्याचं नाव घेवो, त्याला एक रुपया देऊ नका आणि रुग्णाचे रिपोर्टही त्याच्या हातात ठेवू नका. परवा धारूरच्या एका माणसाला असाच एजंट भेटला होता. आम्ही दोघांनी मिळून नोंदवहीत शोधलं, तशी चाचणीच नव्हती. आता त्याच्या भावाचे कागद खऱ्या ठिकाणी गेले आहेत, पेट स्कॅनची तारीख मिळाली आहे.